तांबडा दोर आणि तीन ओबोल : अथेन्सच्या जनसभेची वाटचाल

सभेच्या दिवशी सकाळी अथेन्सच्या बाजारातून माणसं हाकून न्यावी लागत. हे काम सिथियन शिपायांचं. ते शहराच्या मालकीचे गुलाम, आणि शहराचे पोलीस म्हणायचे तर तेच. लांब दोर ओल्या तांबड्या रंगात भिजवायचा, दोन टोकांना दोघांनी धरायचा आणि बाजार झाडत प्निक्स टेकडीकडे सरकायचं. ज्याच्या अंगरख्यावर रंग उमटला, तो सभा टाळत होता हे साऱ्या गावाला कळायचं. अ‍ॅरिस्टोफेनीसनं इ.स.पू. ४२५ मध्ये रंगमंचावर आणलेल्या ‘अखार्नियन्स’ या नाटकात हा दोर आहे, आणि तो चुकवत गप्पा छाटणारे नागरिकही आहेत. नाटकातला शेतकरी मात्र पहाटेच टेकडीवर येऊन बसलाय. जागा रिकामी. तो जांभया देतो, अंग खाजवतो, गावच्या शिवाराची आठवण काढतो. पुढे सभा आटोपती घ्यायला लावण्यासाठी अंगावर पावसाचा थेंब पडल्याचं सांगतो. पाऊस हा अपशकुन, त्यामुळे सभा बरखास्त!

लोकशाहीची जन्मभूमी वगैरे विशेषणं अथेन्सला इतक्या वेळा लावली जातात, की तिथली ‘एक्लेसिया’ म्हणजे जनसभा प्रत्यक्षात कशी भरायची हा साधा प्रश्न मागे राहतो. या संस्थेनं काय काय ठरवलं, त्याचा इतिहास भरपूर लिहिला गेला आहे. पण ठराव होण्याच्या वेळी टेकडीवर कोण होतं, कोणाला येता आलं आणि कोणाला येऊ दिलं नाही, एवढंच लक्षात ठेवून तो वाचला, तर बरीच कोडी सुटतात.

सुरुवात साधारण इ.स.पू. ५९४ मधली. अटिका प्रांतातली चांगली जमीन मोजक्या घराण्यांच्या हातात होती आणि कर्ज फिटलं नाही तर माणूसच विकला जाई. दोन्ही बाजूंनी मान्य केलेला मध्यस्थ म्हणून सोलोनची नेमणूक झाली. त्यानं माणूस तारण ठेवून कर्ज देणं बंद केलं, जुनी देणी रद्द केली आणि नागरिकांचे उत्पन्नानुसार चार वर्ग पाडले : पाचशे मापं धान्य पिकवणारे, तीनशेवाले, दोनशेवाले आणि उरलेले. उरलेल्यांना म्हणजे ‘थीट्स’ना कोणतंही पद मिळायचं नव्हतं, पण सभेत आणि न्यायसभेत बसायला मुभा होती. त्या वेळी ही सवलत फार मोठी वाटली नसणार. बोलणार बडेच, ठरवणार बडेच. गरिबानं मागे बसून ऐकायचं. पण एकदा बसायला जागा मिळाली की माणूस तिथून सहसा उठत नाही.

हा तपशील आपल्याला ज्या ग्रंथातून कळतो त्याचीही कथा गमतीची आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेला अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरचा ग्रंथ शतकानुशतकं हरवलेला होता. इजिप्तमध्ये कोणीतरी तो शेतीच्या जमाखर्चाच्या पाठकोऱ्या बाजूवर उतरवून घेतला होता. त्या पपायरसच्या गुंडाळ्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोचल्या आणि १८९१ मध्ये छापून आल्या. त्यातला उत्तरार्ध म्हणजे शहराच्या कारभाराची जवळपास नियमपुस्तिकाच आहे.

सोलोननंतर पिसिस्ट्रॅटस आणि त्याच्या मुलांची हुकूमशाही आली आणि इ.स.पू. ५१० मध्ये गेली. त्यानंतरची घटना मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची वाटते. सत्तेच्या भांडणात इसागोरसनं स्पार्टाचा राजा क्लिओमेनीसला फौजेसह बोलावून घेतलं. विरोधातला क्लाइस्थेनीस परागंदा झाला, ७०० कुटुंबं हद्दपार झाली आणि शहराचं मंडळ बरखास्त करायचा घाट घातला गेला. पुढारी कोणी शिल्लक नव्हताच. तरी लोक आपणहून गोळा झाले. त्यांनी अक्रॉपॉलिसवर शिरलेल्या स्पार्टनांना दोन दिवस वेढून धरलं. तिसऱ्या दिवशी स्पार्टाचा राजा तह करून निघून गेला. बोलावणं नसताना, दोर नसताना, मजुरीही नसताना झालेली ही गर्दी. क्लाइस्थेनीस परत आला आणि इ.स.पू. ५०८-५०७ मध्ये त्यानं जुन्या चार जमाती बाजूला सारून दहा नव्या जमाती केल्या. प्रत्येकीत किनारपट्टीची, आतल्या मुलखातली आणि शहराकडची गावं मिसळली, म्हणजे कोण्या एका घराण्याची आपल्या भागावरची पकड सुटावी. गावोगावच्या या घटकांची संख्या १३९. प्रत्येक जमातीतून ५० असे पाचशे जणांचं मंडळ. सभेपुढे येणारा प्रत्येक विषय आधी या मंडळाकडून यायचा. मंडळावरची निवड पुढे चिठ्ठ्यांनी होऊ लागली. वय किमान तीस आणि आयुष्यात दोनदाच.

यानंतरचं वळण रुप्याच्या खाणीतून आलं. लॉरियनला चांदीचा मोठा साठा लागला, तेव्हा माणशी दहा द्राख्मा वाटून टाकावेत अशी सूचना सभेपुढे होती. थेमिस्टोक्लीसनं लोकांना ते पैसे न घेता त्यातून लढाऊ गलबतं बांधायला राजी केलं. हाती येणारा पैसा सोडून द्यायला हजारो माणसांना तयार करणं हे वक्तृत्वाचं काम सोपं नव्हे. इ.स.पू. ४८० मध्ये सॅलमिसच्या सामुद्रधुनीत त्याच गलबतांनी पर्शियाचं आरमार मोडलं. एका गलबताला १७० वल्हेकरी लागत, आणि ते बहुतेक थीट्स वर्गातले. चिलखत घ्यायची ऐपत नसलेल्या माणसावर आता शहराचा जीव अवलंबून होता. त्या शतकातल्या एका अनामिक लेखकाला लोकशाहीचा मनस्वी तिटकारा होता. त्यानंही कुरकुरत मान्य केलं, की गलबतं चालवतात तेच शहराला बळ देतात, तेव्हा त्यांच्या हाती जास्त असणं रास्तच.

इ.स.पू. ४६२ मध्ये एफियाल्टीसनं अरिओपॅगस या बड्या माजी अधिकाऱ्यांच्या मंडळाचे बहुतेक अधिकार काढून घेतले. थोड्याच दिवसांत त्याचा खून झाला. काम पेरिक्लीसनं पुढे नेलं. न्यायसभेत बसणाऱ्यांना रोजचा भत्ता सुरू झाला. त्याच पेरिक्लीसनं इ.स.पू. ४५१ मध्ये नियम करवून घेतला, की आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असतील तोच नागरिक. दार आतून रुंद केलं आणि बाहेरून अरुंद. स्त्रिया, गुलाम आणि पिढ्यान्‌पिढ्या शहरात राहून कर भरणारे परके हे सगळे दाराबाहेरच राहिले.

सभा भरायची प्निक्सवर, अक्रॉपॉलिसच्या पश्चिमेकडच्या खडकाळ उतारावर. सुमारे सहा हजार माणसं मावतील एवढी जागा. पहाटे बळीचं डुकराचं पिलू सभास्थानाभोवती फिरवून जागा शुद्ध करायची. मग लोकांना फसवणाऱ्या वक्त्याला दवंडीदारानं मोठ्यानं शाप द्यायचा. (ही पद्धत कुठे पुन्हा सुरू करता येईल का, हा विचार मनात येतोच.) त्यानंतर कोणाला बोलायचं आहे, असा पुकारा. कोणीही उठावं. मतदान हात वर करून, आणि मोजदाद नजरेच्या अंदाजानं. काही थोड्या बाबींना मात्र ६००० मतांची अट होती आणि ती मतं गुप्त : कोणाला नागरिकत्व द्यायचं असेल तर, किंवा एखादा डोईजड झालेला पुढारी खापरांवर नाव कोरून दहा वर्षांसाठी हद्दपार करायचा असेल तर. आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थांत गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासानं त्याच जागी, आहेत तेवढ्यांत उरकून घेतात. अथेन्समध्ये सहा हजार नाहीत तर हद्दपारी नाही. खापरांचा हिशेबही सरळ नव्हता. अक्रॉपॉलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीसचं नाव असलेली १९० खापरं सापडली, आणि अक्षरं पाहता ती अवघ्या चौदा हातांनी लिहिलेली. कोणीतरी आधीच लिहून आयती वाटायला आणली होती.

गावाकडचा माणूस या सगळ्याला कितीदा येत असेल? मॅरेथॉनहून अथेन्स चाळीसेक किलोमीटर. पेरणीच्या दिवसांत कोण येतो? म्हणून नेहमीच्या दिवसांत शहरातले कारागीर, दुकानदार आणि बंदरावरचे खलाशी हेच जास्त असणार. स्पार्टाशी युद्ध पेटलं तेव्हा इ.स.पू. ४३१ मध्ये पेरिक्लीसनं सगळ्या खेडूतांना तटबंदीच्या आत आणलं, आणि घर-शिवार सोडून आलेली रागावलेली माणसं सभेला भरपूर मिळाली. पाठोपाठ साथ आली, त्यात पेरिक्लीसही गेला.

या गर्दीनं घेतलेले दोन निर्णय शेजारी ठेवून पाहावेत असे आहेत. इ.स.पू. ४२७ मध्ये लेस्बॉस बेटावरचं मितिलीनी शहर बंड करून शरण आलं. क्लिऑनच्या सांगण्यावरून सभेनं तिथले सगळे प्रौढ पुरुष मारायचे आणि बायकामुलं विकायची असं ठरवलं. हुकूम घेऊन गलबत निघालंही. रात्रीत लोकांना उपरती झाली, दुसऱ्या दिवशी सभा पुन्हा भरली. डायोडोटसनं दयेची भाषा टाळून निव्वळ शहराच्या फायद्याचा हिशेब मांडला आणि थोडक्यात ठराव फिरवला. दुसरं गलबत सुटलं. वल्हेकऱ्यांनी वल्ह्यावरच बसून दारू-तेलात कालवलेलं सातूचं पीठ खाल्लं, पाळीपाळीनं झोप घेतली. पहिल्या गलबताला आपलं काम नको होतं, ते रेंगाळत गेलं होतं. सेनापतीनं हुकूम वाचून संपवला आणि अंमल सुरू होणार, तेवढ्यात हे पोचलं. ही हकीकत इतिहासकार थुसिडिडीसनं लिहिली आहे. आणि शहर वाचलं तरी बंडाचे म्होरके मात्र मारलेच, हेही त्यानंच नोंदवलंय.

दुसरा निर्णय फिरवता आला नाही. इ.स.पू. ४०६ मध्ये आर्गिनूसाईजवळ अथेन्सचं आरमार जिंकलं, पण वादळामुळे बुडत्या खलाशांना वाचवणं जमलं नाही. मेलेल्यांचे नातेवाईक सभेत आले. आठ सेनापतींचा एकत्रित निकाल एकाच मतदानात लावावा असा ठराव मांडला गेला. हे बेकायदा होतं, प्रत्येकाची स्वतंत्र सुनावणी व्हायला हवी होती. लोकांना हवं ते करू देत नाहीत म्हणजे काय, अशी आरडाओरड झाली. त्या दिवशी कामकाज पाहणाऱ्या पन्नास जणांत चिठ्ठीनं आलेला सॉक्रेटिस होता. बाकीचे घाबरून गप्प बसले, तो शेवटपर्यंत नाही म्हणत राहिला. हाती सापडलेल्या सहा सेनापतींना मृत्युदंड झाला. त्यातला एक पेरिक्लीस, म्हणजे त्या पेरिक्लीसचा अ‍ॅस्पेशियापासून झालेला मुलगा. आई परदेशी, म्हणून बापाच्याच कायद्यानं तो नागरिक नव्हता. दोन्ही औरस मुलं साथीत गेल्यावर लोकांनी कळवळून त्याला नागरिकत्व दिलं होतं. पुढे लोकांना पश्चात्ताप झाला, ठराव मांडणाऱ्याचा तिरस्कार करण्यात आला, आणि इतिहासकार झेनोफन सांगतो त्याप्रमाणे तो अखेर उपासमारीनं मेला.

या दोन सभांच्या मधे एकदा लोकशाहीच गेली होती, आणि ती कशी गेली ते ध्यानात घेण्यासारखं आहे. अथेन्सची सिसिलीवरची स्वारी इ.स.पू. ४१३ मध्ये धुळीला मिळाली होती. ४११ मध्ये अथेन्सचं आरमार सॅमॉस बेटाजवळ होतं, म्हणजे थीट्स वर्गातले हजारो मतदार समुद्रावर. तेवढ्यात सभा प्निक्सवर न भरवता शहराबाहेर कोलोनसला भरवली गेली. शत्रूचा तळ डेकेलियाला, तटाबाहेर पडायचं तर हत्यार हवं. ज्याच्याकडे ढाल-भाला नाही तो जाणार कसा? जे पोचले त्यांनी सत्ता चारशे जणांकडे सोपवली. म्हणजे सभेनंच सभा मोडली, रीतसर, बहुमतानं. तिकडे सॅमॉसला खलाशांनी आपली सभा भरवली, सेनापती बदलले, थ्रॅसिब्युलसला निवडलं आणि आम्हीच शहर असं जाहीर केलं. चारशेंचं राज्य चार महिनेच टिकलं.

इ.स.पू. ४०४ मध्ये हार झाल्यावर स्पार्टाच्या आशीर्वादानं तिसांची राजवट आली. त्यांनी हक्कदार नागरिकांची यादी ३००० वर आणली आणि सुमारे १५०० माणसं मारली. चरित्रकार प्लुटार्क लिहितो, की प्निक्सवरचा वक्त्याचा कट्टा आधी समुद्राकडे तोंड करून होता तो त्यांनी जमिनीकडे वळवला, कारण लोकशाहीचं मूळ समुद्रात आहे. उत्खननातही सभास्थानाची दिशा त्याच सुमारास उलटी झालेली दिसते. त्यामागचं कारण कदाचित निव्वळ वाऱ्याचं असेल, पण प्लुटार्कचं कारण इतकं नेमकं आहे की सोडवत नाही. थ्रॅसिब्युलसनं मोजक्या माणसांनिशी फायले नावाचा डोंगरी किल्ला धरला, मग पिरेअस बंदर घेतलं, आणि इ.स.पू. ४०३ मध्ये लोकशाही परत आली. मागचं उकरून काढायचं नाही, अशी शपथ सर्वांनी घेतली. त्या काळाच्या मानानं हे अचाट होतं.

परत आलेली सभा जुन्या सभेपेक्षा शहाणी होती. कायदा वेगळा आणि ठराव वेगळा असा भेद केला गेला. कायदे बदलायचे तर ते काम न्यायसभेच्या सदस्यांतून निवडलेल्या मंडळाकडे. बेकायदा ठराव मांडणाऱ्यावर खटला भरायची सोय आधीपासून होती, तिचा वापर खूप वाढला. अ‍ॅरिस्टोफॉन नावाचा पुढारी अशा ७५ खटल्यांतून सुटल्याची बढाई मारायचा.

पण मोठा बदल मजुरीचा. हरलेल्या, भुकेल्या शहरात सभेला माणसं येईनात. अ‍ॅगिरिअसनं हजेरीसाठी एक ओबोल सुरू करवला, पुढे कोणी दोन केले, मग त्यानंच तीन. सहा ओबोलचा एक द्राख्मा, म्हणजे अर्धा द्राख्मा : कारागिराचा दिवस भरत नाही, पण घरी पिठाची सोय होते. इ.स.पू. ३९१ च्या आसपासच्या ‘एक्लेसियाझूसाई’ या नाटकात अ‍ॅरिस्टोफेनीसनं याची मजा केली आहे. बायका नवऱ्यांचे अंगरखे चढवून, दाढ्या लावून पहाटे टेकडी गाठतात आणि राज्य बायकांच्या हाती देण्याचा ठराव करून घेतात. उशिरा पोचलेल्याचे तीन ओबोल बुडतात. तिथंही तांबड्या रंगाचा उल्लेख आहे, आणि अभ्यासकांचा कयास असा, की आता रंग माणसं आणायला नसून जागा भरल्यावर उशिरा येणाऱ्यांना थोपवायला वापरला जात होता. तीन ओबोलांनी दोराचं कामच उलटं केलं. प्लेटोसारख्या खानदानी माणसांना या मजुरीचा राग होता. पैशानं लोक आळशी आणि लोभी झाले, असं ते म्हणत. मजुरीवाचून ज्यांचं अडत नव्हतं, त्यांचंच हे म्हणणं. चौथ्या शतकाच्या शेवटाकडे साध्या सभेला एक द्राख्मा आणि मुख्य सभेला दीड मिळे. वर्षाला चाळीस सभा, नागरिक साधारण तीस हजार.

माणसं भरपूर येऊ लागली, तरी प्रत्येक वेळी बोलायला कोणी उठेलच असं नाही. इ.स.पू. ३३९ मध्ये एका संध्याकाळी मॅसिडोनच्या फिलिपनं अथेन्सच्या वाटेवरचं एलाटिया घेतल्याची बातमी आली. पहाटे मंडळ अजून विषय ठरवतंय तोवर लोक टेकडीवर जाऊन बसलेही होते. पुकारा झाला. पुन्हा झाला. कोणी उठेना. मग वक्ता डेमॉस्थेनिस उठला. निदान त्यानं स्वतः नंतर न्यायसभेत तसं रंगवून सांगितलं. पुढच्या वर्षी केरोनियाला फिलिप जिंकला. इ.स.पू. ३३६ मध्ये हुकूमशाहीविरुद्ध एक कायदा झाला, त्याची शिला १९५२ मध्ये बाजाराच्या उत्खननात मिळाली. वर शिल्प आहे : बसलेल्या दाढीवाल्या ‘लोकां’च्या डोक्यावर ‘लोकशाही’ नावाची स्त्री मुकुट ठेवते आहे. शिला सापडली त्याच वर्षी ग्रीसमधल्या स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मत द्यायचा आणि उभं राहायचा हक्क मिळाला.

अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर अथेन्सनं मॅसिडोनविरुद्ध उठाव केला आणि आरमार गमावलं. इ.स.पू. ३२२ मध्ये मॅसिडोनच्या अँटिपेटरनं अट घातली : २००० द्राख्मांची मालमत्ता असेल त्यालाच हक्क. उरले ९०००. वगळलेल्यांचा आकडा प्लुटार्क बारा हजार सांगतो. त्यातल्या कित्येकांना थ्रेसमध्ये जमिनी देऊन पाठवलं. सोलोननं ज्यांना बसू दिलं होतं, ते पावणेतीनशे वर्षांनी उठवले गेले.

त्यानंतर लोकशाही येत-जात राहिली. सभेचं काम हळूहळू डायोनायससच्या नाट्यगृहात हललं. बसायला सोय जास्त. ठराव होत राहिले, पण बरेचसे राजांचे आणि दानशूरांचे आभार मानणारे : सोन्याचा मुकुट, पुतळा, नाट्यगृहात पुढची जागा. इ.स.पू. ८६ मध्ये रोमन सेनापती सुल्लानं शहर लुटलं, त्यानंतरही सभा नावापुरती भरतच होती. बंद पडल्याची तारीख सापडू नये, इतकी ती हळू विझली.

मोकळ्या प्निक्सवर रोमन काळात कट्ट्याशेजारच्या खडकात कोनाडे खोदले गेले. तिथं झ्यूसला नवस बोलत आणि फेडत. दुखणाऱ्या अवयवाची प्रतिमा कोरलेली छोटी संगमरवरी पाटी, डोळे, स्तन, पाय, कोनाड्यात बसवायची आणि खाली आपलं नाव. लॉर्ड अ‍ॅबरडीननं १८०३ मध्ये तिथं खणून काही पाट्या काढल्या, त्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांच्यावरची बहुतेक नावं बायकांची. या पाट्यांमुळेच एकोणिसाव्या शतकात काही जर्मन पंडितांनी ठरवून टाकलं, की इथं सभा भरतच नसे, हे मुळात झ्यूसचं देवस्थान. तो वाद १९१० पासूनच्या उत्खननांनी मिटवला.